पहिल्या रांगेतले बाबा

बाबा भोपाळमध्ये आनंद नगरजवळच्या कारखान्यात इंजिनियर होते. माझ्या पियानोच्या प्रत्येक कार्यक्रमाला ते पहिल्या रांगेत बसायचे आणि दुसरी रचना सुरू होईपर्यंत झोपून जायचे. आई कोपराने ढोसायची. मला स्टेजवरून सगळं दिसायचं.

मी शाळेतल्या मॅडमकडे पियानो शिकले. मग हॉटेलच्या लॉबीत वाजवलं, मुंबईत जाऊन मसाल्यांच्या, साबणाच्या जाहिरातींसाठी वाजवलं, मालिकांच्या पार्श्वसंगीतात वाजवलं. पुढे ते काम बहुतेक कॉम्प्युटरवरच व्हायला लागलं, तशी मी भोपाळला परतले. इथे एका व्हायोलिनवादकाबरोबर मैफली मिळू लागल्या.

अशाच एका मैफलीच्या आठवड्यात बाबा साकेत नगरच्या हॉस्पिटलात वारले. मेंदूत रक्तस्राव. मी कार्यक्रम रद्द करणार होते. आई म्हणाली, "घरी बसून काय करशील? लोक येतात-जातात, चहा करावा लागतो. तू जा. मीपण येते."

गेलो. आई पहिल्या रांगेत बसली, शेजारची खुर्ची रिकामी होती. थोड्या वेळाने एक गृहस्थ तिथे बसले. मी वाजवत होते. बोटं बरोबर पडत होती. कुठेतरी रडू येईल म्हणून मी वाट बघत राहिले, आलं नाही. नंतर लोकांनी हात हातात घेऊन सांगितलं, फार आतून वाजवलंस.

रिक्षात आई म्हणाली, "छान झालं."

"हो."

"भूक लागलीय?"

"लागलीय."

घरी येऊन आम्ही सकाळची खिचडी गरम करून खाल्ली.

पुढच्या आठवड्यात शाहपुऱ्यातल्या एका स्टुडिओत पार्श्वसंगीताचं काम होतं. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "दीदी, यहाँ थोड़ा सैड चाहिए. किसी की डेथ हुई है." मी वाजवलं. पहिल्याच टेकमध्ये ओके झालं. त्याने चहा मागवला, मी प्यायले.

आता वर्ष होऊन गेलं. कामं येतात, मी करते. मध्ये एकदा भाजी निवडताना आईने विचारलं, "तू रडलीस का गं कधी?"

"नाही."

"मीपण नाही," ती म्हणाली. मग मेथीच्या काड्या कागदात गुंडाळून टाकायला उठली. मी पानं धुवायला घेतली.