थेंब न पडलेली पिंपं

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. साताऱ्यात वडील शिक्षक होते. शाळा सुटली की ते कुठल्या तरी मोर्चाचं पत्रक लिहीत आणि घड्या मी घालत असे. ज्या वाक्याखाली सही करायची तयारी नाही ते छापायचं नाही, हा त्यांचा दंडक.

सांगलीत रसायनशास्त्र शिकून मी जिल्ह्याच्या पूर्वेला, माळावर, कारखान्यांचा घातक कचरा पुरण्याच्या जागी प्रयोगशाळेत नोकरी धरली. वडिलांना ते रुचलं नाही. मी त्यांना नियम वाचून दाखवला : द्रव घातक कचरा जमिनीत पुरायचा नाही, आधी प्रक्रिया, मग चाचणी, मगच खड्डा. हा नियम पाळणारं माणूस फाटकावर नको का? त्यांनी चष्मा पुसला. 'बघ,' एवढंच म्हणाले.

आलेल्या प्रत्येक मालाचा नमुना मी बारीक जाळीच्या शंकूत ठेवत असे. पाच मिनिटांत खाली एक जरी थेंब पडला, तरी गाडी परत.

खड्डा वाढवायचं ठरलं तेव्हा उताराखालच्या गावची ग्रामसभा बसली. विहिरी त्यांच्या होत्या. कुणी सांगितलं नसताना मी पत्रक काढलं : 'द्रव विष या खड्ड्यात जात नाही.' खाली माझी सही. समाजमंदिरात काचेच्या पेल्यावर शंकू ठेवून चाचणीही करून दाखवली. पाच मिनिटं सगळं गाव पेल्याच्या तळाकडे बघत होतं. थेंब पडला नाही.

पुढं बसलेल्या म्हातारीचा जन्म मेंढरांमागं गेला होता. ती म्हणाली, "पोरी, घोंगडं धुऊन दोरीवर टाकलं की घटकाभरानं टिपकायचं थांबतं. म्हून वाळलं व्हय ते? त्यावर बसून बघ की."

"आवं आत्या, तुमी बसल्यावर दगडातनं बी पानी निघंल!" मागून एकजण ओरडला.

"तुझ्या डोक्यातनं न्हाई निघायचं. लय कोरडं हाय."

सभा हसली. मीही हसले आणि शाळेतल्या मुलांना सांगावं तशा सुरात म्हणाले, "आजी, चाचणी शास्त्रीय आहे." खड्डा वाढवायचा ठराव मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी नेहमीचीच पिंपं आली. कारखान्यातला तेलकट गाळ, त्यात ओल शोषायला उसाचा भुसा कालवलेला. शंकू कोरडा राहिला. सहीसाठी पेन उचललं आणि म्हातारीचं घोंगडं आठवलं. शंकूतला गाळ मी ताटलीत काढला आणि त्यावर फळी ठेवून दोन विटा रचल्या. फळीच्या कडेनं तपकिरी पाणी आलं, ताटली भरली आणि टेबलावर सांडलं. खड्ड्यात या पिंपांवर विटा नव्हे, कित्येक मजल्यांचा कचरा बसणार होता. भुसा तर कुजणारच, आणि शोषलेलं सोडणारच.

प्रयोगशाळेच्या साहेबांना बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी ताटली उचलून बघितली, खाली ठेवली. मग म्हणाले, "चाचणीत विटा नाहीत. नियमात बसतंय. सही करा."

"नियम द्रव पुरू नये म्हणून आहे, साहेब. चाचणी त्याच्यासाठी आहे."

"मग मागच्या आठ महिन्यांत तुम्ही काय केलंत?"

आठ महिने अशाच पिंपांवर माझीच सही होती. त्या गाडीवर मी सही केली नाही. ती दुपारी दुसऱ्या कुणाच्या तरी सहीनं आत गेली.

त्या आठवड्यात मी नवं पत्रक लिहिलं. पहिलं पत्रक चुकीचं होतं आणि ते मी लिहिलं होतं, असं पहिल्याच ओळीत. घरोघर वाटायला मीच गेले. दोन दारं तोंडावर बंद झाली. ग्रामसभा पुन्हा बसली, ठराव रद्द झाला. तोवर माझी नोकरीही संपली होती.

टाळ्या वाजल्या नाहीत. सरपंचबाईंनी विचारलं, "आता खड्डा न्हाई वाढायचा ते बरं झालं. पर आधी गेलेलं कुठं हाय?"

"खाली."

"वर काढता येतंय?"

"माहीत नाही."

तक्रारअर्ज तिथंच लिहायला घेतला. जबाबदार कोण या रकान्यात मी जागेच्या मालकांचं नाव घातलं, साहेबांचं घातलं आणि त्याखाली माझं.

"स्वतःचं कशाला घालतीस, पोरी?" सरपंचबाई म्हणाल्या. "तूच तर सांगाय आलीस."

मी नाव खोडलं नाही. अर्ज त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि शाईची डबी मागवली. मग एकेक बाई उठून अंगठा द्यायला पुढं येऊ लागली.