लुगडं विणलं कुणी?

सातवीत माझी शाळा सुटली. वडगावात आमच्या घरातच माग होते आणि कांड्यांवर सूत भरायला माणूस कमी पडत होतं. पोरीचं गणित चांगलं आहे, हे सांगायला मास्तर घरी आले. आप्पा म्हणाले, "बाईमाणसाचा हात हुशार असतोय, मास्तर. डोस्कं हुशार असून काय करायचं?" कौतुकानंच म्हणाले. मीही खूश झालेली. ते आठवलं की आजही तोंड कडू होतं.

आता मी जेरुसलेमात एका म्हाताऱ्या ज्यू आजीला सांभाळते. तिच्या मुलानं माझे इथं राहायचे, कामाचे कागद करून दिले, पगार कधी थकवला नाही. त्याचे उपकार आहेतच. दर मंगळवारी दुपारी तो आणि त्याचा अभ्यासातला जोडीदार जेवणाच्या टेबलावर धर्मग्रंथ उघडून बसतात. पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला, टेबलावर हात आपटले, तेव्हा मी सोडवायला धावले. आजी हसून हसून खोकली.

"भांडत नाहीत गं, तोरा, आमचा धर्मग्रंथ, शिकतायत. एकानं मांडायचं, दुसऱ्यानं मोडायचं. एकट्यानं शिकायचं नसतं."

"मग तुम्ही कुणाबरोबर शिकलात?"

"भिंतीबरोबर."

तिचे वडील हेच ग्रंथ मुलग्यांना शिकवायचे. बाईला समज जन्मतःच असते, तिला ग्रंथावर डोकं झिजवावं लागत नाही, असं ते तिला सांगत. कौतुकानंच. आता या शहरात बायकाही जोडीनं शिकतात; या घरात नाही. आजी जन्मभर शेजारच्या खोलीत इस्त्री करत ऐकत राहिली. मरायच्या आत एकदा त्या टेबलाशी बसायचं, एवढंच तिला हवं होतं.

सरावाला मी होते. माझ्या मोडक्या हिब्रूत आमचं चालायचं.

"ग्रंथात असं आहे: दोघांनी एकच कापड धरलंय. दोघंही म्हणतात, माझं. मी म्हणते, अर्धं अर्धं करावं."

"बरोबर आहे, आजी."

"बरोबर म्हणायचं नाही! मोड माझं म्हणणं."

मी घाबरतच म्हणाले, "विणणारीला विचारलं का कुणी? आमच्यात बाई आपण विणलेलं लुगडं बाजारातसुद्धा ओळखते."

आजी खुर्चीच्या हातावर थाप मारून म्हणाली, "मंगळवारी मला टेबलाशी ने. हे मी विचारणार."

तिनं ते मुलालाही सांगितलं. तो स्वयंपाकघरात आला आणि हळू आवाजात म्हणाला, "प्रश्न गोड आहे. बायका मनानं विचार करतात. पण तिला दमवू नकोस, खोलीतच असू दे." जाता जाता म्हणाला, "तुझे कागद या महिन्यात पुन्हा भरायचेत ना?" सहज म्हणाला असेल. त्या कागदांवर सही त्याचीच लागते.

मंगळवारी आजी ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधून चाकाच्या खुर्चीत तयार. भिंतीपलीकडून मुलाचा आवाज आला, "आणि ज्यानं विणलं, तो साक्षीला आला तर?" जोडीदार उसळला. आमच्याच प्रश्नावर दोघं तासभर गरजत होते.

"चल," आजी म्हणाली.

खुर्चीचा ब्रेक माझ्या पायाखाली होता.

"आजी, आज तुमचं बीपी लई वाढलंय. पुढच्या मंगळवारी जाऊ."

बीपी ठीक होतं. तिलाही ते कळलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, रुमाल सोडला, मांडीवर त्याची घडी घातली.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं माझं कुठलंच म्हणणं मोडलं नाही.