पंचवीसची नोट

हौसेला मोल नाही म्हणतात, पण कोंडीरामची हौसच मोलाची होती. तो नोटा जमवायचा. त्याही आपल्या नव्हे, मॉरिशसच्या! पिंपरीतल्या एका कंपनीत लेथवर उभा राहणारा, संत तुकाराम नगरात दोन खोल्यांत संसार करणारा हा मूळचा चाकणकडचा गडी. त्याचा आणि समुद्रातल्या त्या बेटाचा संबंध काय? काडीचाही नाही. तो देश नुकताच स्वतंत्र झाला होता, तेव्हा कंपनीतले लक्ष्मणराव फिटर एक मशीन बसवायला तिकडे गेले आणि येताना पाच रुपयांची नोट घेऊन आले. कोंडीरामने ती उलटीपालटी केली आणि ओरडलाच, "अरे, ह्यांचाही रुपयाच की!" झालं, गडी तिथेच फसला.

नोटेवर इंग्लंडची राणी होती. शेजारच्या मशीनवरचा उद्धवराव म्हणजे जिभेला हाड नसलेला माणूस. तो लगेच म्हणाला, "स्वतंत्र झाले ना हे? मग ही बया अजून हितं काय करती?"

"भाडेकरू गेला तरी त्याचं कॅलेंडर राहतंच की भिंतीवर," कोंडीराम म्हणाला.

लक्ष्मणरावांच्या दुसऱ्या फेरीत दहाची नोट आली. पन्नासची एका साहेबाच्या हातापाया पडून मिळवली. राहिली पंचवीसची. आपण ती तिकडच्या बाजारात डोळ्यांनी पाहिल्याचं लक्ष्मणराव शपथेवर सांगत. पण उद्धवरावला कोण आवरणार? "पाचची असती, दहाची असती, शंभराची असती. पंचवीसची नोट कुणाच्या बापानं पाहिलीय? उद्या म्हणशील तिकडं अडीच पायांची म्हैस असती!" तेव्हापासून कोंडीरामचं नावच पडलं, पंचवीसराव. चहाच्या सुट्टीत पंचवीसराव, पगाराच्या रांगेत पंचवीसराव. तो हसण्यावारी न्यायचा, पण आतून त्याला लागायचं. ती नोट एकदा हातात यावी आणि उद्धवरावच्या नाकासमोर धरावी, एवढीच त्या माणसाची इच्छा उरली होती.

घरी वेगळीच तऱ्हा. आई, चतुराबाई, नोटांची पेटी दिसली की करवादायची, "काय ती मारुशी-मारुशीची कागदं! त्यानं मिठाचा खडा तरी येतो का इकत?"

अशी वर्षं गेली, आणि एके दिवशी कंपनीत मॉरिशसहून एक पोरगा शिकायला आला. नाव आनंद सखाराम. सखाराम हे आडनाव! त्याच्या पणजोबाचं नाव तिकडच्या कारकुनाने आडनाव म्हणून लिहिलं ते कायमचं चिकटलं. मराठी अडखळत बोलायचा, पण बोलायचा. कोंडीरामने नाव-गाव विचारायच्या आधी नोटेचं विचारलं. आनंद म्हणाला, "आहे काका, एकच. पाकिटात ठेवलीय."

त्या रविवारी कोंडीरामच्या घरी पुरणपोळीचा बेत झाला. पाहुणचार कसला, नोटेवर टाकलेलं जाळंच ते! आनंद तीन पोळ्या खाऊन तृप्त होऊन म्हणाला, "आमच्या मोरिसमध्ये पण अशी पोळी करतात."

तूप वाढणारा चतुराबाईचा हात थांबला. "कुटं म्हनलास?"

"मोरिस, आजी. आमी देशाला मोरिस म्हणतो."

"मोरस?"

आता हा मोरस काय ते सांगायला हवं. जुनी माणसं पांढऱ्या साखरेला मोरस म्हणायची; ती त्याच बेटावरून यायची, पण हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. चतुराबाई पाळण्यात असताना तिचा बाप तिच्या आईला "मोरसला जातो, पैसं धाडतो" म्हणून निघाला तो गेलाच. साऱ्या गावाने अर्थ काढला, गडी साखर कारखान्यात गेला. पोरं चिडवायची, "चतुरीचा बाप साखर आणाया गेला, वाटंत मुंग्यांनी खाल्ला!" पुढे तिच्या नवऱ्याने, नंतर खुद्द कोंडीरामने, नगरकडच्या कारखान्यांच्या फाटकांवर म्हाताऱ्याची चौकशी केली होती. सगळे साखरेत शोधत बसले आणि माणूस समुद्रापार! घरात इतकी वर्षं मॉरिशस मॉरिशस चाललं होतं, पण मायलेकरांपैकी एकालाही दोन नावांचा एक देश कळला नव्हता.

चतुराबाई खालीच बसली. "तिकडं गेलेली मानसं माघारी का येत न्हवती रं?"

"माझा पणजापण नाही आला, आजी. ऊस तोडायचे. परत यायला बोटीच्या भाड्याचे पैसे उरायचे नाहीत. लिहिता यायचं नाही." आनंदने मान खाली घातली. मग काहीतरी करायला हवं म्हणून त्याने पाकीट काढलं आणि नोट कोंडीरामपुढे धरली. "काका, ही तुमची."

घोडं गंगेत न्हालं! कोंडीरामची बोटं नोटेला लागणार, तेवढ्यात चतुराबाईने विचारलं, "काय हाय ते?"

"मोरिसची नोट, आजी."

"किती रुपयं?"

"पंचवीस."

तिने हात पुढे केला. नोट घेतली, कपाळाला लावली, मग राणीकडे बघून डोळे बारीक केले. "ही कोण?"

"तिथली राणी."

"मला वाटलं, बाई ठिवली व्हती का काय त्यानं!" ती खदखदून हसली, आणि हसता हसताच पदर डोळ्यांना गेला. "बापानं धाडलं बग माज्या." तिने ती कोरी करकरीत नोट चार घड्या करून कमरेच्या पिशवीत घातली. प्रत्येक घडीला कोंडीरामच्या काळजाला घडी पडत होती.

दुसऱ्या दिवशी कंपनीत तो एवढंच म्हणाला, "आलीय. आईकडं हाय." डिपार्टमेंट पोट धरधरून हसलं. एका शिफ्टपुरती तरी दे म्हणून त्याने घरी विनवलं, तर आई म्हणाली, "तुला धाडल्यात व्हय?" शेवटी आनंदला परत जायचं होतं त्या संध्याकाळी कोंडीरामने उद्धवरावला ओढतच घरी आणलं. आनंदही निरोप घ्यायला आला होता.

चतुराबाईने आपणहून पिशवी सोडली. "बगा, बापाचं पैसं आल्यात."

उद्धवरावने आकडा वाचला, परत वाचला, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. याच घटकेसाठी कोंडीरामने एक अस्सल ठेवणीतलं वाक्य कितीतरी वर्षं घोकून ठेवलं होतं. आईकडे बघून त्याच्याने ते बोलवेना. त्याला नोट हवी होती आणि समोर नोट नव्हतीच, तिच्या बापाची कमाई होती.

"कुठनं आलं, मावशी?" उद्धवरावने हळूच विचारलं.

"मोरसवरनं," ती म्हणाली आणि आनंदचा हात धरला. "तिकडं पोचलास की माज्या बापाला सांग."

"आजी, ते आता..."

"ठावं हाय रं मला. जित्ता कसा असंल? जिथं कुटं मातीत असंल तिथं सांग. पैसं पोचलं म्हनावं. लेक आता वाट बगत न्हाई."