दोन वर्षांचा नियम

आमच्या इथल्या, परदेशातल्या मराठी मंडळींची गणपतीतली एकांकिका सहा वर्षं एकच काका बसवत होते. ते आंग मो किओ भागातल्या एका कंपनीत अकाउंटंट होते. बायको पुण्यात, त्यामुळे शनिवार-रविवार तालमीला वाहिलेले. मला दरवर्षी मोलकरणीची भूमिका. "तुझ्या आवाजाला तीच शोभते गं," म्हणायचे. ऑफिसात मी पंधरा माणसं सांभाळत होते आणि इथे चहाचा ट्रे घेऊन यायचं नि जायचं! डोकं फिरायचं माझं. मला दिग्दर्शन करायचं होतं.

त्या वर्षी अमेरिकेत निवडणूक होती. लेकीला शाळेतून त्यावर प्रोजेक्ट मिळाला, म्हणून पुंगोलच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर दोघी वाचत बसलो. तिकडे एक अध्यक्ष चारदा निवडून आला होता. त्याच्यानंतर त्यांनी घटनेतच लिहून टाकलं, दोनदा निवडून आलात की बास. मला एकदम सुचलं. पुढच्या बैठकीत मी ठराव मांडला की दिग्दर्शक दोन वर्षं, मग दुसरा. "अमेरिकेच्या अध्यक्षाला चालतं, आपण कोण टिकोजीराव लागून गेलो?" सगळे हसले, हात वर झाले. काकांनीही केला.

एक गोष्ट मी बैठकीत सांगितली नाही. नियम केला तेव्हा खुर्चीवर असलेल्या अध्यक्षाला अमेरिकेने त्यातून सूट दिली होती. ती ओळ लेकीनेच मला वाचून दाखवली होती. ठरावाचं कळल्यावर ती इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली, "आई, नॉट फेअर लाह."

"तू तुझा अभ्यास कर," मी म्हटलं.

काकांनी संहितांची फाइल माझ्या हातात दिली. माझी दुसऱ्या वर्षीची एकांकिका फार रंगली, उगाच नम्रपणा कशाला? लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आणि माझी मुदत संपली. करावं तसं भरावं म्हणतात, पण भरायची माझी तयारी नव्हती.

दोघातिघांना हाताशी धरून मी नियम रद्द करायचा विषय बैठकीत आणवला. सगळे तयार होते. कोणीतरी म्हणालं, "मग काकांनाही विचारायला हवं." ते आले नव्हते. फोन स्पीकरवर लावला.

"अगं, करा की रद्द," काका म्हणाले. "मला मात्र धरू नका. पुढच्या महिन्यात पुण्याला परत चाललोय. इथला कामाचा पास संपतोय माझा."

"असं अचानक?" मी विचारलं.

"अचानक कसलं! तू ठराव मांडलास ना, त्याच्या आदल्याच आठवड्यात कंपनीने सांगितलं होतं, आता शेवटची दोन वर्षं म्हणून."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? सगळ्यांचे हात वर होते."

मला लाज वाटली, चांगलीच वाटली. त्यांच्या हातात दोनच एकांकिका उरल्या होत्या आणि त्या दोन्ही मी घेतल्या. तरी नियम रद्द झाला आणि तिसरं वर्षही मीच घेतलं. मी काही नको म्हणाले नाही.

काकांचं विमान शनिवारी दुपारी होतं आणि त्यांना सोडायला विमानतळावर जायचं मंडळींत चाललं होतं. त्यांच्यासमोर उभं राहायला नको म्हणून मी नेमकी त्याच वेळी तालीम ठेवली. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, पाऊण तास थांबले. एकही नट आला नाही.