सर्व्हिसिंगनंतर पुढं पळणारं घड्याळ

केज तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी असताना हाताळलेलं ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. त्यात ना मारामारी होती, ना रक्त. एक घड्याळ होतं.

तक्रारदार हे युसूफ वडगाव या गावाकडचे निवृत्त क्रीडाशिक्षक. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना ते रोज मैदानावर पळवायचे. सैन्यात शहीद झालेल्या धाकट्या भावाचं चावीचं घड्याळ त्यांच्या हातात असायचं. बटण दाबलं की त्यात स्टॉपवॉचचा वेगळा काटा फिरायचा. तालुक्याच्या गावातल्या म्हाताऱ्या घड्याळजीकडून त्यांनी ते सर्व्हिसिंग करून आणलं आणि थोड्याच दिवसांत ते भलतंच पुढं पळू लागलं. मुलींची वेळ रोज वाढलेली दिसायची. एक मुलगी तर हिंमत हरून घरी बसली. शेवटी सरांनी मोबाइलशी पडताळून पाहिलं, तेव्हा दोष घड्याळाचा निघाला.

"साहेब, त्यानं आतली मशीन बदलली. माझ्या भावाचं घड्याळ राहिलंच न्हाई हे," सर म्हणाले. सोबत आलेले गावकरी घड्याळजीला आत टाकायला सांगत होते.

मी अर्ज घेतला, घड्याळ पंचांसमक्ष ताब्यात घेतलं. गुन्हा मात्र लगेच दाखल केला नाही. मशीन बदलली हे आधी दिसायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. "तो चाचा गिऱ्हाइकांची घड्याळं जेवणाच्या डब्यात घालून घरी नेतो. काहून नेतो, इचारा त्याला."

मी साध्या वेशातला हवालदार पाठवला. खबर खरी निघाली. आता माझाही संशय बळावला. घड्याळजीला चौकशीला बोलावलं. माझ्या सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर, "मशीन तीच हाय साहेब." डब्याचं विचारलं की मान खाली.

शेवटी मी घड्याळ त्यांच्यापुढं ठेवलं. "चाचा, तीच आहे ना? मग पंचांसमोर उघडून दाखवा."

त्यांनी झाकण उघडायचं हत्यार उचललं आणि परत ठेवलं. दोन्ही हात पुढं केले. बोटं थरथरत होती.

"उघडता येत न्हाई साहेब. लई दिवस झाले. बारीक काम घरी बेटी करते. लोकांना कळलं तर दुकानात कोण येईल?"

सरांना आणि चाचांच्या मुलीला बोलावून घेतलं. ती होकायंत्र आणि मोबाइल घेऊन आली. कुठलंही घड्याळ उघडलं की आधी फोटो काढायची तिला सवय होती. पंचांसमोर तिनं मागचं झाकण काढलं. फोटोतला मशीनचा नंबर आणि समोरचा नंबर एकच होता. सरांनी चष्मा पुसून दोनदा वाचला. मग तिनं होकायंत्र घड्याळाजवळ नेलं, तशी सुई गर्रकन फिरली.

"लोहचुंबकाचा असर झालाय आतल्या स्प्रिंगवर, म्हणून पुढं पळतंय. दुकानातून गेलं तेव्हा बरोबर चालत होतं," ती म्हणाली.

मी सरांकडं वळलो. "आणल्यापासून घरी कुठं ठेवता?"

"भावाच्या फोटोसमोर. आधी कुठंबी टाकायचो, आता म्हटलं जपावं."

"फोटो कशावर आहे?"

सर म्हणाले, "साऊंडच्या बॉक्सवर. मैदानावरचा मोठा स्पीकर हाय त्यो." स्पीकरमध्ये मोठं लोहचुंबक असतं, हे बोलता बोलताच त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी चाचांचे थरथरणारे हात धरले. "चाचा, माझं चुकलं."

मुलीनं तिच्याकडच्या यंत्रानं चुंबकत्व काढलं, घड्याळ सुरळीत चालू लागलं. सरांनी अर्ज मागे घेतला आणि सराव सोडलेल्या त्या मुलीचं घर सगळ्यात आधी गाठलं. चाचांनी दुकानातली पुढची खुर्ची आपल्या मुलीला दिली. गिऱ्हाईक तुटलं नाही.

माणूस काहीतरी लपवतोय हे कळलं की तपास अधिकाऱ्याला गुन्हा सापडल्यासारखा वाटतो. पण लपवण्यामागं पुष्कळदा नुसती लाज असते, आणि लाजेला कोठडी नाही. पुढच्या सगळ्या नोकरीत गप्प बसलेल्या माणसापुढं मी आधी स्वतःला विचारत आलो, हा गुन्हा दडवतोय, की दुःख?