हे वाक्य इथं काहून बसलं?

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मी घाटंजीच्या शाळेतल्या आमच्या मराठीच्या गुरुजींकडे बोट दाखवतो. असा माणूस यवतमाळ जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि झाला असता तर छापखानेवाल्यांनी धंदा बदलला असता. छापलेला कागद दिसला की गुरुजी तो उकलून पाहायचेच. गोष्टी-कवितांचे त्यांना फारसे कौतुक नव्हते. "गोष्ट लिहिणारा आपल्या मनाचा मालक," ते म्हणत. "खरं लिहिणाऱ्याची पंचाईत. त्याले घडलं तेच सांगाचं असते, अन् तरी आपल्याले शेवटपर्यंत बसवून ठेवाचं असते." अग्रलेख, मृत्युलेख, प्रवासवर्णन, कपाशीवरच्या किडीचे पत्रक, सगळे त्यांना सारखेच प्रिय. जिल्हा तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि नव्या सरकारची नवी पत्रके येत होती, त्यामुळे गुरुजींची चंगळ होती. भज्यांचा पुडा घेतला की भजी आम्हाला आणि कागद त्यांना. मग एकेका ओळीवर बोट ठेवून विचारत, "हे वाक्य इथं काहून बसलं? दोन घरं खाली बसलं असतं तर काय बिघडलं असतं?" एका शोकसभेत वक्ता डोळ्यांना रुमाल लावून खाली बसला, तेव्हा त्या शांततेत गुरुजी समाधानाने म्हणाले, "शेवट छान बांधला." मयताच्या भावाने त्यानंतर बरेच दिवस त्यांना रामराम घातला नाही.

मजकुराची बांधणी आधी कानाला कळली पाहिजे, म्हणून ते आम्हाला आठवडी बाजारात दंतमंजनवाल्यासमोर बसवत. तो आधी प्रश्न विचारी, मग भीती घाली, मग कोण्या मामलेदाराच्या दाढेचा दाखला देई आणि भाव अगदी शेवटी सांगे. आम्ही खाली बसून पुटपुटत असू, "आता भीती... आता दाखला..." शेवटी तो वैतागला.

"गुरुजी, हे पोट्टे उठवा इथून. मी तोंड उघडाच्या आंधीच हे सांगून राह्यले मी काय बोलनार ते."

"मंग क्रम बदल ना, बाप्पा. भाव आधी सांग."

त्याने बिचाऱ्याने भाव आधी सांगितला. गिऱ्हाईक उठून गेले. पाठ आमच्या लक्षात कायमचा राहिला, आणि मंजनाच्या डब्या गुरुजींनी पदरच्या पैशाने घेऊन वर्गात वाटल्या.

मी मॅट्रिक झालो तेव्हा पुढे शिकणे कठीणच होते. बाचा उजवा हात बैलगाडीखाली सापडून अधू झालेला, त्यामुळे शेतात वखर हाकणे माझ्याकडे. गुरुजी सायकल हाणत आमच्या तांड्यावर आले आणि बाजेवर बसून त्यांनी सुरुवात केली. मी दाराशी उभा राहून ओळखत होतो: हा प्रश्न, हा दाखला, हा विरोध, ही पुनरुक्ती. सगळे आपापल्या जागी बसले होते.

बा तंबाखू चोळत म्हणाला, "गुरुजी, बोलनं लय गोड हाये तुमचं. पन वखर कोन हाकीन?"

याचे उत्तर गुरुजींच्या बांधणीत कुठेच नव्हते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "ते मले नाही मालूम, भाऊ. मले ह्या पोराचा लळा लागला, एवढंच खरं."

आतून याडी, म्हणजे माझी आई, आमच्या बोलीत म्हणाली की वखर ती हाकेल.

तांड्यात बाईने वखर हाकलेले कोणी पाहिले नव्हते. बाने मान खाली घातली, पण नाही म्हणाला नाही. वेशीपर्यंत सायकल हातात धरून गुरुजी माझ्यासोबत चालले आणि म्हणाले, "पाह्य, सगळ्यात चांगलं वाक्य तिचं होतं. लहान, अन् शेवटी."

अमरावतीच्या वसतिगृहातून मी त्यांना पत्रे लिही. प्रत्येक पत्र तांबड्या शाईने तपासून परत येई. एकदा समासात त्यांनी लिहिले होते: "पहिल्या परिच्छेदात जेवणाची तक्रार, तिसऱ्यात पुन्हा तीच. म्हणजे खरी तक्रार वेगळी आहे. ती लिही." घरची आठवण येते, हे मी मग पुढच्या पत्रात लिहिले. त्या वाक्याखाली त्यांनी नुसती एक रेघ ओढली होती.

ती सगळी पत्रे माझ्याजवळ आहेत. एकच नाही, म्हणून ते आठवेल तसे लिहितो.

"गुरुजींस सा. न. वि. वि.

बी. ए. पास झालो. आमच्या तांड्यात हा पहिलाच. भाव आधी सांगितला की गिऱ्हाईक उठते हे माहीत आहे, पण तुम्ही उठणार नाही. उद्या तांड्यावर जातो. याडीच्या हातातून वखर घेईन, मग तिला सांगेन. या पत्रात चुका असतील. बांधणीही नाही. तरी हे तपासून परत पाठवू नका. ठेवून घ्या."