काकांचा बाहेरचा बॉयलर

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, माझ्या मावशीने घराबाहेर पडताना काकांच्या बॉयलरच्या पंपाचं बटण बंद केलं. आम्ही तिघं मोटारीने ग्लासगोला, मराठी मंडळाच्या संक्रांतीला निघालो होतो. बॉयलरमध्ये लाकडं पेटलेली होती.

काका म्हणजे मावशीचे यजमान. त्यांच्याइतका सावध माणूस सबंध स्कॉटलंडमध्ये नसावा. ते हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. दिवसभर झोपलेल्या माणसांचा श्वास बघायची सवय, त्यामुळे घरी आल्यावर ते वस्तूंचाही श्वास बघत. फ्रिजला कान लावत. मोटार सुरू केली की बॉनेटवर हात ठेवून मिनिटभर उभे राहत. एकदा एक पाहुणे जेवणानंतर सोफ्यावरच झोपले, तेव्हा काकांनी जाऊन त्यांची नाडी पाहिली. ते दचकून उठले. "ठीक आहे, झोपा," काका म्हणाले आणि पेपर वाचायला बसले.

सगळ्यात मोठी भीती थंडीची. घर गावाबाहेर, हीटिंग तेलावर. तेलाचा टँकर बर्फात अडकला तर काय, या एका प्रश्नावर त्यांनी दोन हिवाळे काढले आणि मग मागच्या अंगणात, घरापासून पंधरा पावलांवर, लाकडांवर चालणारा बॉयलर बसवून घेतला. आग घरात नको, म्हणून बाहेर. तिथलं गरम पाणी जमिनीखालच्या नळ्यांतून घरात येई आणि जुन्याच रेडिएटरांतून फिरे. ते फिरवायचं काम विजेच्या पंपाचं. पंप थांबला तर पाणी बॉयलरमध्येच उकळणार, वाफ एका उघड्या नळीतून वर जाणार, आणि ती नळी गोठून बंद झाली असेल तर बॉयलर फुटणार. हे काका आल्यागेल्याला कागदावर चित्र काढून समजावत. मावशी तेवढ्यात स्वयंपाकघरात निघून जाई. "यंत्र तुमचं, तुम्हीच सांभाळा," एवढंच तिचं म्हणणं.

मावशी पुण्याची. गावाला निघताना गॅस, गिझर, मेन स्विच बंद करायचा आणि कुलूप दोनदा ओढून बघायचं, ही तिच्या माहेरची पद्धत. इथे तर प्रत्येक प्लगला वेगळं बटण. निघण्याआधी तिची घरभर एक फेरी होई.

"अहो, सगळं बंद केलंय हं," अर्ध्या वाटेत ती म्हणाली. "ते लाल दिव्याचंसुद्धा."

"कुठलं लाल?"

"जिन्याखालच्या कपाटातलं. आजच दिसलं, उगाच जळत होतं."

काकांनी मोटार कडेला घेतली. "अगं, तो पंप!"

"मग लिहायचं ना त्यावर!"

"बारा वाजता जॅक यायचाय," काका म्हणाले.

जॅक शेजारी राहायचा. खाणीतून निवृत्त झालेला, सत्तरीचा. आम्ही बाहेर गेलो की बॉयलरमध्ये लाकडं तोच घालायचा. रस्त्यावरच्या फोनबॉक्समधून काकांनी त्याच्या घरी दोनदा फोन लावला. कोणी उचलला नाही. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

काका ताशी चाळीस मैलांच्या वर कधी जात नसत. त्या दिवशी साठवर गेले, रस्त्यावर बर्फ असताना. मावशीने दाराचं हँडल धरून ठेवलं होतं.

"नळी गोठली नसेल ना हो?"

"सकाळी पाहिली होती. मोकळी होती."

थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "सकाळी."

आम्ही पोचलो तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं होती. कुंपणाच्या वर वाफेचा ढग दिसत होता. काका इंजिन बंद न करताच धावले. बॉयलर जागेवर होता, नळीतून पाणी उसळत होतं. जॅक मागच्या दाराच्या पायरीवर बसला होता, डावा हात बर्फात खुपसून.

बॉयलरच्या आतून हातोडा मारल्यासारखे आवाज त्याला त्याच्या अंगणात ऐकू आले होते. आग विझावी म्हणून त्याने येऊन तिला हवा देणारी झडप हाताने बंद केली, तेव्हा वरच्या नळीतून उकळतं पाणी त्या हातावर पडलं.

"डॉक्टर, तुमचा चहा तयार आहे," तो म्हणाला.

काकांनी त्याचा हात बर्फातून काढून, घड्याळ लावून वीस मिनिटं नळाखाली धरला. मग बांधायला कपाटातून बँडेज काढलं. पहिल्याच खेपेला शीर गाठणारा डॉक्टर अशी हॉस्पिटलात त्यांची ख्याती होती. बँडेजचं टोक त्यांच्या हातातून तीनदा सुटलं. शेवटी मावशीने ते घेतलं आणि काळ्या साडीच्या पदराने डोळे पुसत बांधलं. "सॉरी जॅक, व्हेरी सॉरी," ती म्हणत राहिली. जॅक तिला म्हणाला, खाणीत असताना याहून वाईट पाहिलंय, आणि तुम्ही रडलात तर मला हॉस्पिटलात गेल्यासारखं वाटेल.

त्याचा हात महिनाभरात बरा झाला. करंगळी पूर्ण मिटत नसे. पंप बंद पडला तरी पाणी आपोआप फिरेल असा एक रेडिएटर काकांनी त्याच आठवड्यात जोडून घेतला आणि कपाटातलं बटण काढून टाकलं. बॉयलर पुढे सहा हिवाळे चालला. त्या सहा हिवाळ्यांत काका आणि मावशी एकत्र घराबाहेर पडले नाहीत. मंडळाच्या संक्रांतीला एका वर्षी ती येई, एका वर्षी ते.